‘मन्मथ’ : एका नावाचा अर्थ आणि उगम



मागच्या श्रावणात वचन-प्रवचनासाठी हैदराबादला जाणे झाले. प्रवचन आटोपले, प्रसाद झाला, मंडळी उठू लागली. तेव्हा एक अक्का आपल्या मुलाला घेऊन पुढे आल्या. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, अंगाने उंच, पण मान खाली घातलेली. अक्का म्हणाल्या, “गुरुजी, याचं नाव मन्मथ. माझ्या सासऱ्यांचं नाव मन्मथप्पा. ते लिंगैक्य झाले त्याच वर्षी हा जन्मला, म्हणून घरच्यांनी तेच नाव ठेवलं. आता शाळेत पोरं फार चिडवतात. हा म्हणतो, दहावीचा अर्ज भरायच्या आधी नाव बदला. त्याचे वडील म्हणतात, आजोबाचं नाव बदलायचं नाही. घरात दोन महिने हाच वाद आहे.”

मी मुलाला विचारले, “बाळ, तुझे काय म्हणणे?” तो प्रथम काही बोलेना. मग म्हणाला, “गुरुजी, चिडवण्याचं सोडा. मी शब्दकोशात बघितलं. मन्मथ म्हणजे कामदेव. कामदेवाला शिवानं जाळलं. मग शिवभक्ताच्या घरात त्याचं नाव कशाला?”

प्रश्न सरळ होता आणि खराही होता. मुलांनी चिडवण्याचे कारणही ध्यानात आले. तेलुगू मुलखात ‘मन्मथुडु’ म्हणजे रूपाचा तोरा मिरवणारा, मुलींच्या मागे-पुढे करणारा. २००२ साली याच नावाचा तेलुगू चित्रपट निघाला आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. आपल्या मराठीतही देखण्या पुरुषाला ‘मदनाचा पुतळा’ म्हणतातच. पण चिडवणाऱ्यांना उत्तर देणे वेगळे आणि मुलाच्या मनातील प्रश्नाला उत्तर देणे वेगळे. त्या दिवशी त्याला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने या महिन्याच्या पाठात मांडत आहे. मराठवाडा, बीदर आणि हैदराबादकडच्या आपल्या अनेक घरांत हे नाव आहे, म्हणून हा पाठ एका घरापुरता नाही.

शब्दाची फोड

प्रथम शब्द नीट पाहू. पुष्कळ जण हे नाव ‘मनमथ’ असे लिहितात, दाखल्यांवर तर ‘मनमत’ असेही होऊन बसते. शुद्ध रूप ‘मन्मथ’. यातील शेवटचे अक्षर थ आहे, ठ नव्हे. म्हणून गुरूच्या मठाशी या शब्दाचा व्युत्पत्तीने संबंध नाही. मूळ धातू आहे ‘मथ्’, म्हणजे घुसळणे. मंथन, मथणे हे शब्द त्याच धातूचे. दही घुसळताना रवी फिरते, तीच क्रिया.

आता ‘मन्’ हा भाग कोठला? याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर सर्वांच्या परिचयाचे : मनाला मथणारा तो मन्मथ. येथे एक अडचण आहे. ‘मनस्’ या शब्दापुढे ‘मय’ आला की ‘मनोमय’ होते. त्याच नियमाने ‘मनस्’ आणि ‘मथ’ मिळून ‘मनोमथ’ व्हायला हवे होते, ‘मन्मथ’ नव्हे. म्हणून दुसरे उत्तर पुढे येते. संस्कृतात एखादी क्रिया पुन्हा पुन्हा किंवा जोराने होते असे सांगायचे असले की धातूचे पहिले अक्षर दुप्पट करतात. ‘चल्’ म्हणजे हलणे, त्यापासून सतत हलणारे ते ‘चंचल’. तसाच ‘मथ्’ धातू दुपटून, सतत आणि जोराने घुसळणारा तो ‘मन्मथ’.

या दुसऱ्या घडणीचा एक शब्द आपण लिंगायत रोज उच्चारतो. तो म्हणजे ‘जंगम’. ‘गम्’ म्हणजे जाणे. जो सतत चालता राहतो, एका जागी थांबत नाही, तो जंगम. स्थावर मोडते आणि जंगम टिकते ही शरणांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. शब्दाच्या घडणीत जंगम आणि मन्मथ असे भावंडांसारखे शेजारी बसतात. एक सतत चालणारा, एक सतत घुसळणारा. हे ऐकून त्या मुलाने प्रथमच मान वर केली.

कोशातले सोबती

अमरकोशात कामदेवाच्या नावांची यादी आहे. तिच्यात मदन आहे, मन्मथ आहे, प्रद्युम्न आहे, अनंग आहे. आता विचार करा. मदन नावाची माणसे आपल्या ओळखीत किती असतील! प्रद्युम्न नावाची मुलेही पाहण्यात येतात. ही नावे ठेवताना कोणी दचकत नाही, कारण ती कानाला सरावली आहेत. मन्मथ हे नाव त्याच ओळीतले. फक्त आपल्या भागाबाहेर ते कमी ऐकू येते, म्हणून विचित्र वाटते. नाव विरळ असणे हा नावाचा दोष नव्हे.

या शब्दाचे आणखी दोन अर्थ सांगण्यासारखे आहेत. साठ संवत्सरांच्या चक्रात एकोणतिसावा संवत्सर ‘मन्मथ’ आहे. शके १८७७ म्हणजे इ. स. १९५५-५६ आणि शके १९३७ म्हणजे इ. स. २०१५-१६ ही मन्मथनाम संवत्सरे होती. त्या वर्षांत मंगलकार्याच्या संकल्पात हेच नाव उच्चारले गेले. दुसरा अर्थ झाडाचा. अमरकोशात कवठाच्या झाडाच्या नावांतही ‘मन्मथ’ दिले आहे. महाराष्ट्रात महाशिवरात्रीला कवठाला केवढा मान! कवठाची चटणी, कवठाची बर्फी यांवाचून कित्येक घरांचा उपवास पुरा होत नाही. तेव्हा ज्या शब्दाला आपण शिवाचा वैरी समजतो, त्याच शब्दाच्या फळाने आपण शिवरात्र साजरी करतो. हा केवळ शब्दाचा योगायोग आहे, त्यावरून सिद्धांत मांडायचा नाही. पण एकच शब्द किती घरी नांदतो हे यातून कळते.

कथा अर्धी सांगितली जाते

आता मुलाच्या मुख्य शंकेकडे येऊ. शिवाने काम जाळला, म्हणूनच शिवाला स्मरहर म्हणतात. बेळगाव-धारवाडकडे शिमग्याला ‘कामण्णा’ जाळतात तेही याच कथेच्या आठवणीने. तारकासुराच्या त्रासाने गांजलेल्या देवांनी कामाला शिवाकडे पाठवले, त्याने धनुष्य ताणले, तिसरा डोळा उघडला आणि काम भस्म झाला. येथवर सर्वांना माहीत असते. गावोगावी कथाही येथेच थांबते.

पण कथा येथे संपत नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तिसऱ्या सर्गात कामदहन आहे आणि चौथ्या सर्गात रतीचा शोक. पुढे पार्वतीचे तप होते, विवाह ठरतो. सातव्या सर्गात विवाह पार पडल्यावर देव हात जोडून शिवाला विनवतात, की कामाला पुन्हा देह मिळाला आहे, त्याची सेवा मान्य करावी. शिवाचा क्रोध तेव्हा मावळलेला असतो. तो कामाच्या बाणांना आपल्यावरही काम करायला मोकळीक देतो. म्हणजे जाळणारा शिव आणि पुन्हा सेवेला घेणारा शिव एकच आहे. काम जळाला तो ध्यान मोडायला आला म्हणून. तोच काम पार्वतीच्या तपानंतर, विवाहाच्या मंगल प्रसंगी, शिवाच्या सेवेत आहे.

शरणांनी पुराणातल्या कथा जशाच्या तशा प्रमाण मानल्या नाहीत. देवलोकात काय घडले यापेक्षा माझ्या देहात, माझ्या मनात काय घडते, हे त्यांनी विचारले. म्हणून आपणही ही कथा तेथेच नेऊन पाहू.

हे नाव आपल्या घरी कसे आले

त्याआधी नावाचा प्रवास पाहायला हवा. आपल्या घरांत हे नाव कामदेवावरून आलेले नाही. ते आले संत मन्मथस्वामींवरून. सोळाव्या शतकातील हे मराठी संतकवी. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे त्यांची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. मराठवाड्यातून आणि कर्नाटक-तेलंगणातूनही पालख्या, दिंड्या येतात. डोंगराच्या कुशीतला धबधबा, समाधीचे दर्शन आणि पायी चालून आलेल्या माणसांची रीघ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

मन्मथस्वामींचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ ओवीबद्ध मराठीत आहे. मराठवाड्यातील लिंगायत घरांत आणि शिवनाम सप्ताहात त्याचे पारायण चालते. शरणांची वचने कन्नडात. मराठी मुलखातल्या शेतकऱ्याला, वाण्याला, घरातल्या आजीला ती भाषा येत नव्हती. गुरू कशाला म्हणावे, लिंग कशासाठी धारण करावे, भस्म-रुद्राक्षाचा अर्थ काय, हे त्यांना आपल्या ओवीत ज्यांनी सांगितले, त्यांत मन्मथस्वामींचे स्थान फार मोठे आहे. म्हणून लोकांनी त्यांचे नाव मुलांना दिले. कोणी मन्मथ, कोणी मन्मथप्पा.

हैदराबादेत हे नाव का, हेही यावरून उलगडते. मराठवाडा आणि बीदर हे दोन्ही भाग १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नोकरी, व्यापार, शिक्षण यांसाठी या भागातली माणसे राजधानीला जात आणि तेथेच स्थायिक होत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आणि बीदर म्हैसूर राज्यात गेले. सीमा बदलल्या, घरे जागेवर राहिली आणि घरांतली नावेही राहिली. कपिलधारेची ही आठवण आज तेलुगू बोलणाऱ्या शहरातल्या एका शाळेत हजेरीपटावर वाचली जाते. मुलांना ती माहीत नाही, म्हणून ती हसतात.

पाच बाण आणि लिंगार्पण

आता शेवटचा आणि महत्त्वाचा भाग. मन्मथाच्या हाती पाच फुलांचे बाण आहेत असे सांगतात. साधकाने त्यांचा अर्थ पाच विषय असा घ्यावा : गंध, रस, रूप, स्पर्श, शब्द. मन घुसळले जाते ते या पाचांनीच. नाकाला सुवास आला, जिभेला चव लागली, डोळ्यांना रूप दिसले, की मन उठलेच.

मग करावे काय? नाक-डोळे बंद करून बसावे? शरणांनी तसे सांगितले नाही. षट्स्थल शास्त्रात प्रत्येक इंद्रियाच्या ठायी एक लिंग सांगितले आहे. नाकाच्या ठायी आचारलिंग, त्याला गंध अर्पण. जिभेच्या ठायी गुरुलिंग, त्याला रस अर्पण. डोळ्यांच्या ठायी शिवलिंग, त्याला रूप अर्पण. त्वचेच्या ठायी जंगमलिंग, त्याला स्पर्श अर्पण. कानाच्या ठायी प्रसादलिंग, त्याला शब्द अर्पण. आणि हृदयाच्या ठायी महालिंग, त्याला तृप्ती अर्पण. जे अर्पण केले ते प्रसाद होऊन परत येते आणि मगच ते भोगायचे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मन्मथाचे पाचही बाण येथे आहेत. एकही मोडलेला नाही. फक्त त्यांचे तोंड वळवले आहे. जो बाण मनाला लागून मन घायाळ करीत होता, तोच आता लिंगापुढे फूल होऊन पडतो. त्या मुलाला मी म्हटले, “शिवाने मन्मथ जाळला ही एक गोष्ट. शरणाने मन्मथ शिवाला वाहिला ही दुसरी. आपले नाव या दुसऱ्या गोष्टीतले आहे.”

अल्लमप्रभूंची शिकवणही या दिशेची आहे. मायेचे घर बाहेरच्या वस्तूंत शोधू नका, मनापुढे जी आशा उभी राहते तिच्यात शोधा, असा त्यांचा रोख. म्हणूनच शरण बहुतांशी संसारी होते. बसवण्णा संसारी होते. गंगांबिका आणि नीलांबिका यांना त्यांनी साधनेत बरोबरीने घेतले. अक्कमहादेवींनी कौशिक राजाचे वैभव सोडले, पण प्रेम सोडले नाही. ते सगळे प्रेम चन्नमल्लिकार्जुनाकडे वळवले आणि त्या श्रीशैलाची वाट चालल्या. शरण सती आणि लिंग पती, हा भाव ज्या धर्मात आहे, तो प्रेमाला वैरी मानील कसा?

आणि घुसळण केवळ देहवासनेचीच असते असेही नाही. आयदक्की मारय्यांची गोष्ट आठवा. अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हा त्यांचा कायक. ‘आयदक्की’ म्हणजेच वेचलेले तांदूळ. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते पाहताच विचारले, ही हाव कोठून आली? आणि जास्तीचे तांदूळ परत ठेवून यायला लावले. मारय्यांसारख्या शरणाचे मनही पसाभर तांदळांनी घुसळले गेले. ते ओळखणारी लक्कम्मा घरातच होती, हे त्यांचे भाग्य. आज आपली मने कशाकशाने घुसळली जातात, याची यादी प्रत्येकाने स्वतःशी करावी. मुलांचे हसणे हीदेखील एक रवीच. तिने त्या मुलाचे मन कित्येक महिने घुसळले.

पण घुसळणे वाईटच असते का? दही घुसळल्यावाचून लोणी निघत नाही. रवी तीच, हात कोणाचा एवढाच प्रश्न. हावेच्या हातात रवी दिली तर मन नासते. गुरूच्या हातात दिली तर त्याच मनातून लोणी वर येते. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्या’त मराठी माणसाचे मन घुसळले ते असे. तेव्हा ‘मनाला मथणारा’ हा अर्थ त्या नावाला लागू पडतो तो लाजेने नव्हे, मानाने.

त्या घरी पुढे काय झाले

एवढे बोलून मी मुलाच्या वडिलांनाही बोलावून घेतले. त्यांना सांगितले, “नाव वडिलांचे असले तरी ते घेऊन जगायचे आहे मुलाला. त्याच्यावर जबरदस्ती करू नका. अर्थ समजल्यावरही त्याला बदलावेसे वाटले, तर आजोबा रागावणार नाहीत. आणि ठेवावेसे वाटले, तर ते तुमच्या धाकाने ठेवलेले नसावे.” वडील काही वेळ गप्प होते. मग मुलाकडे वळून म्हणाले, “मी तुला कधी कपिलधारला नेलंच नाही. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं.”

कार्तिकात बापलेक यात्रेला गेले. नंतर अक्कांचा फोन आला. दहावीचा अर्ज भरून झाला होता. नाव तेच ठेवले. शाळेच्या दाखल्यावर ‘मनमत’ असे पडले होते, तेवढे मुलाने स्वतः जाऊन ‘मन्मथ’ करून घेतले. मी विचारले, “पोरे अजून चिडवतात का?” अक्का म्हणाल्या, “चिडवतात की. पण आता हा त्यांना जंगम आणि चंचल समजावत बसतो, मग तीच कंटाळून जातात.”

वाचकहो, आपल्या घरांत अशी कितीतरी नावे आहेत, ज्यांचा अर्थ ठेवणाऱ्यांना ठाऊक होता आणि घेणाऱ्यांना कोणी सांगितला नाही. मूल विचारील तेव्हा ‘आजोबांचे आहे म्हणून’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. नाव देणे हे नामकरणाच्या दिवशी संपत नाही. त्याचा अर्थ मुलाच्या हाती देईपर्यंत ते काम अपुरेच असते.

मननासाठी

१. ‘जंगम’ आणि ‘मन्मथ’ या दोन शब्दांच्या घडणीत कोणते साम्य आहे?
२. सहा लिंगे, त्यांची स्थाने आणि त्यांना करावयाची अर्पणे क्रमाने लिहा.
३. आयदक्की लक्कम्मांनी जास्तीचे तांदूळ परत का ठेवायला लावले? आपल्या घरातील एखाद्या प्रसंगाशी ताडून पाहा.
४. आपल्या स्वतःच्या नावाचा अर्थ आणि ते कोणी, का ठेवले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.

शरणु शरणार्थ.